चावीकाकांची बारा कुलपं

चावीकाकांना दारूचं व्यसन आहे असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला दुकानाच्या पायरीवर बसवून शांतपणे समजावलं असतं की व्यसनी माणूस बाटलीला कुलूप लावत नाही. आपण लावतो. तेही बाजारातलं नाही, स्वतःच्या हातानं घडवलेलं. कुलपांच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याची त्या रस्त्यावर कुणाची प्राज्ञा नव्हती, त्यामुळे ऐकणारा मुकाट्यानं उठून गेला असता.

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. आत काका बसले की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक जाड असेल तर आतला उजेड जायचा. भिंतीवर कोऱ्या चाव्यांचे घोस, टेबलावर कानशी, चिमटे, तारा. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी उघडलं नाही असं दार त्या भागात नव्हतं. बोलावलं की यायचे, दोन मिनिटांत कुलूप काढायचे, आणि दार उघडताक्षणी पाठ फिरवून उभे राहायचे. लोकांच्या घरात डोकावायचं नाही, हा धंद्याचा नियम त्यांनी कधी मोडला नाही. नियमांचं त्यांना फार कौतुक होतं.

कुलपाची भानगड चार वर्षांपूर्वी सुरू झाली. काकू एका शाळेत ग्रंथपाल होत्या. शाळेच्या समारंभाला काका दुपारीच थोडी घेऊन गेले, मंचावर गेले, प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत बसले आणि तिथंच झोपले. पाहुणे भले गृहस्थ होते, ते भाषण संपेपर्यंत उभेच राहिले. मुख्याध्यापिकांना वाटलं हेच पाहुणे, म्हणून त्यांनी झोपलेल्या काकांच्या गळ्यात हार घातला. काका तो हार घालून घरी आले आणि काकू त्यांच्यामागून दहा पावलांवरून चालत आल्या.

दुसऱ्या दिवशी काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी काकूंना समोर बसवून सांगितलं, की बाटली लोखंडी कपाटात राहील, कपाटाला कुलूप, चावी तुझ्याकडे. फक्त शनिवारी संध्याकाळी तू आपण होऊन द्यायचीस. एरवी मी तुझ्याकडे चावी मागणार नाही. जीव गेला तरी मागणार नाही. काकूंनी चावी पर्समध्ये टाकली. त्यांना तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

सोमवारी संध्याकाळी काकांनी ते कुलूप वाकवलेल्या तारेनं उघडलं. वेळ लागला वीस सेकंद.

आता इथं कुणीही म्हणेल की वचन मोडलं. काकांना तसं मुळीच वाटलं नाही. चावी मागणार नाही म्हणाले होते, मागितली नव्हती. उलट पेला भरता भरता त्यांना कुलपाचाच राग आला. असली कुलपं बनवणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कशावर, असं ते बराच वेळ स्वतःशी पुटपुटत होते. मंगळवारी त्यांनी दुकानात बसून दुसरं कुलूप करायला घेतलं. ते त्यांनी काकूंसमोर कपाटाला लावलं आणि चावी त्यांच्या हातावर ठेवली. दुसरं गुरुवारपर्यंत टिकलं.

तिथून पुढं एकाच माणसाचे दोन झाले. दुपारचे चावीकाका कुलूप घडवायचे आणि संध्याकाळचे चावीकाका ते उघडायचे. दुपारचे संध्याकाळच्यांना चोर म्हणायचे, संध्याकाळचे दुपारच्यांना नवशिके म्हणायचे. दुपारच्यांनी कुलपातले लिव्हर वाढवले, खोट्या खाचा ठेवल्या, उलटी फिरणारी चावी केली. संध्याकाळच्यांनी कान कुलपाला लावून, डोळे मिटून, एकेक लिव्हर चाचपत मात केली. दोघांचीही कला इतकी वाढली की गावात काकांच्या कुलपांचं नाव झालं. चष्मेवाल्यानं हट्टानं त्यांच्या सातव्या कुलपासारखंच कुलूप करून घेतलं. चोराला हे उघडायला पाऊण तास लागेल, अशी काकांनी त्याला हमी दिली. तुम्हाला कसं माहीत, असं त्यानं विचारल्यावर काका खोकले आणि चष्म्यांच्या काचा फार महाग झाल्यात हो, म्हणाले.

चावी मात्र दर वेळी काकूंकडेच जायची. जुनी कुलपं भंगारात गेली, पण काकूंनी जुन्या चाव्या टाकल्या नाहीत. एका कडीत अडकवून त्या पर्समध्ये ठेवायच्या. नवव्या-दहाव्या कुलपापर्यंत तो जुडगा इतका झाला की पर्स हलली की वाजायची. ग्रंथालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी, आणि पाटी लावणाऱ्या बाईच कपाटांमधून खुळखुळत जायच्या. मुलं हसायची. काकांनी एकदा म्हटलंही, अगं, त्या कुलपांना आता काही अर्थ नाही, दे फेकून. काकू म्हणाल्या, राहू द्यात.

अकराव्या कुलपाची चावी हातात घेतली तेव्हा काकूंनी ती पर्समध्ये टाकली नाही. टेबलावर तशीच ठेवली आणि भाजी निवडता निवडता सांगितलं, की शाळेच्या परीक्षा संपल्या की मी ताईकडे जाणार आहे राहायला. काकांनी विचारलं, किती दिवस. काकू म्हणाल्या, ते ठरवलं नाही. आवाज चढवला नाही, डोळ्याला पदर लावला नाही. काकांना भांडण चाललं असतं. या न ठरवलेल्या दिवसांनी मात्र त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. काकू गेल्या तर परत येणार नाहीत हे त्यांना तिथंच कळलं, आणि काकूंशिवाय त्या घरात आपण एक दिवस काढू शकणार नाही हेही कळलं.

अशा वेळी एखाद्यानं दारू सोडली असती. काकांनी बारावं कुलूप करायला घेतलं.

तीन आठवडे ते त्या कुलपाच्या मागं होते. गिऱ्हाइकं परत पाठवली. नवा पोलादी पत्रा आणला, स्प्रिंगा स्वतः वळवल्या, आणि आतली रचना अशी केली की एक लिव्हर चुकला तर बाकीचे सगळे आपोआप पुन्हा बंद. एका सोमवारी ते त्यांनी कपाटाला लावलं. काकू शाळेतून यायच्या होत्या; चावी काकांच्या खिशातच होती, पण ती काकूंची, तिला हात लावायचा नव्हता. सहा वाजता संध्याकाळचे चावीकाका कपाटासमोर बसले. साडेसहा झाले, सात झाले, तारा तुटल्या, एक चिमटा वाकला, घामानं सदरा ओला झाला. सव्वासातला त्यांनी हत्यारं खाली ठेवली. कुलूप उघडलं नाही.

काकांचे डोळे भरून आले. चार वर्षांत पहिल्यांदा दुपारचा माणूस जिंकला होता. एवढा मोठा आनंद कोरडा कसा जाऊ द्यायचा, म्हणून ते चप्पल घालून खाली गेले, कोपऱ्यावरून नवी बाटली घेऊन आले आणि त्याच कपाटासमोर मांडी घालून प्यायला बसले.

काकू आल्या तेव्हा काका पेला उंचावून म्हणाले, “टिकलं.”

“काय टिकलं?”

“बारावं. मला नाही उघडलं.”

काकूंनी कुलपाकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. काकांनी मोठ्या मानानं बारावी चावी पुढे केली, ती घेतली, जुडग्यात अडकवली. मग आत जाऊन माळ्यावरची बॅग काढली. परीक्षा संपायला अजून दोन महिने होते, पण त्यांनी त्याच दिवशी लोकरीचे कपडे भरायला सुरुवात केली. त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या आणि काका बाहेरून त्यांना बाराव्या कुलपाची रचना समजावून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता बोलावणं आलं. दोन रस्ते सोडून एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई आपल्याच खोलीत अडकल्या होत्या. आतून कुलूप लावलं होतं आणि उघडताना चावी मोडून अर्धा तुकडा आत राहिला होता. शिपायानं काकांना दार दाखवलं आणि तो चहाला गेला. दारावर ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी होती. काकांना वाटलं, दहावीनंतर कुठं प्रवेश घ्यायचा ते सांगत असतील.

काम पोरखेळ होतं. बारीक चिमट्यानं तुकडा धरायचा आणि ओढायचा. काका गुडघ्यांवर बसले, चिमटा आत घातला, आणि चिमटा कुलपावर टकटक वाजायला लागला. हात थांबेना. त्यांनी उजवा हात डाव्यानं धरला, तर दोन्ही हात हलायला लागले. तुकडा आणखी आत गेला.

आतून बाईंनी विचारलं, किती वेळ लागेल. काका म्हणाले, दोन मिनिटं. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं, काका पुन्हा म्हणाले, दोन मिनिटं. मग बाई अगदी सहज म्हणाल्या की चिमटा वाजतोय तो आत ऐकू येतोय, तुमचा हात थरथरतो का?

“थंडी आहे,” काका म्हणाले.

“माझा पंखा पाचवर आहे,” बाई म्हणाल्या.

काकांनी कपाळाचा घाम पुसला. समोर नुसतं दार. तपकिरी रंगाचं, मध्ये एक ओरखडा. त्याला डोळे नव्हते, ते बॅग भरत नव्हतं. शिवाय आतली बाई कुठं उठून जाऊ शकत नव्हती, तिला बाहेर काढणारा माणूसच बोलत होता. काका म्हणाले, काल माझं बारावं कुलूप टिकलं. मग शाळेचा हार, पहिली तार, दुपारचे आणि संध्याकाळचे, चष्मेवाल्याला दिलेली हमी, परीक्षा संपल्यावरची ताई, सगळं त्यांनी त्या ओरखड्याला सांगून टाकलं. चार वर्षांत इतकं ते कुणाशीच बोलले नव्हते.

बाईंनी विचारलं, कुलपं किती झाली. बारा, काका तडक म्हणाले. आणि बाटल्या? काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. कुलपांचा हिशेब होता, एकेकाचा लिव्हर पाठ होता. बाटल्या त्यांनी कधी मोजल्याच नव्हत्या.

“एक विचारते,” बाई म्हणाल्या. “कपाटात ठेवायला बाटली मुळात आणताच कशाला?”

“असं कसं? नाही आणली तर कुलूप कशाला लावणार?”

हे वाक्य काकांनी मोठ्या हुशारीनं उच्चारलं आणि मग ते स्वतःच्याच कानांनी ऐकलं. काका हळूहळू मागं सरकून भिंतीला टेकले. बारा कुलपं त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेली, आणि एवढी अक्कल, एवढे कष्ट, एवढं पोलाद आपण कशाभोवती बांधत बसलो होतो ते त्यांना लख्ख दिसलं. त्यांना हसू आलं. हसता हसता ते रडायला लागले, आणि चहा पिऊन परतलेला शिपाई कुलूपवाल्याला रडताना पाहून पुन्हा खाली गेला.

कुलूप काही निघालं नाही. शेवटी काकांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून अख्खं दारच बाजूला केलं. सत्तेचाळीस मिनिटं लागली होती. दार निघताच नियमाप्रमाणे त्यांनी पाठ फिरवली, त्यामुळे बाईंनी पुढचं सगळं त्यांच्या पाठीला सांगितलं. भरदुपारी हात इतका थरथरतो म्हणजे आधी डॉक्टर. एकदम आपल्या मनानं बंद करायची नाही, त्यात जिवाला धोका असतो, डॉक्टर सांगतील तशी सोडायची. आणि गुरुवारी चार वाजता इथं यायचं.

“कुलूप बदलायला?”

“कुलूप शिपाई बदलून आणेल. तुम्ही या.”

गुरुवारी काका हत्यारांची पिशवी घेऊन गेले. रिकाम्या हातानं जाण्याची त्यांना सवय नव्हती आणि रस्त्यावर सांगायलाही काहीतरी हवं होतं. आत खुर्चीवर बसले आणि त्यांची दातखीळ बसली. अर्ध्या तासात त्यांनी खिडकीची कडी कमकुवत असल्याचं सांगितलं आणि टेबलाचा अडकणारा खण दुरुस्त करून दिला. बाई म्हणाल्या, त्या दिवशी तर बोलत होतात. काका मान खाली घालून म्हणाले, “त्या दिवशी मध्ये दार होतं.”

बाई शहाण्या होत्या. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसावं, पण त्यांनी थोडा विचार केला, काकांना स्टूल दिलं, बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. काका बोलायला लागले.

मग दर गुरुवारी चार ते पाच तेच. बाई आत, काका बाहेर, पिशवी उघडी, हातात पेचकस. पलीकडे टायपिंगचा क्लास होता, तिथल्या मुली काकांना ओलांडून जाताना विचारायच्या, अजून नाही झालं का काका? नाजूक काम आहे, काका म्हणायचे. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिला आठवडा वाईट गेला, काका रात्रंदिवस घामाघूम झाले आणि काकूंना त्यांनी ताप आहे म्हणून सांगितलं. पाचव्या गुरुवारी त्यांनी दाराला कबूल केलं की काल प्यालो. त्यांना वाटलं, आता बाई हाकलून देतील. बाईंनी विचारलं, त्याआधी काय झालं होतं? काका आठवायला लागले. काही झालं नव्हतं. दिवसभर एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, शटर ओढलं, आणि आपली आज कुणालाच गरज पडली नाही असं मनात आलं. बाई म्हणाल्या, हे लिहून ठेवा. काकांनी ते चाव्यांच्या वहीत लिहून ठेवलं.

एवढं सगळं दाराला सांगितलं, पण काकूंना नाही. इतकी वर्षं फसवून आता कुठल्या तोंडानं सांगायचं? बाई दर खेपेला विचारायच्या, घरी बोललात का, आणि काका म्हणायचे, या आठवड्यात. परीक्षा जवळ येत होत्या. बॅग भरून दाराशी उभी होती.

शेवटी वाचा फुटली ती चष्मेवाल्याला. काकू चष्म्याचा स्क्रू बसवायला आल्या तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला की वहिनी, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं कुलूप काही साधंसुधं दिसत नाही. सात गुरुवार झाले, काका भांग पाडून जातात.

आठव्या गुरुवारी काकू तिथं पोचल्या. शाळेच्या परीक्षा त्याच दिवशी संपल्या होत्या. जिना चढताना त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की काही बोलायचं नाही, फक्त डोळ्यांनी बघायचं आणि तसंच ताईकडे निघायचं. वर येऊन बघतात तर काका एका बंद दारापुढे स्टुलावर बसलेले, हातात पेचकस, आणि दाराशी गप्पा मारताहेत. काकूंच्या मनातला संशय गेला आणि भीती आली. त्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

काकांची त्यांच्याकडे पाठ होती. ते दाराला सांगत होते, “बाकी सगळं कबूल. खोटं बोललो, चोरून प्यालो, तुम्ही म्हणाल ते. पण बाई, एक गोष्ट मात्र मी पाळली. चार वर्षांत तिच्याकडे चावी एकदाही मागितली नाही. एवढा एक शब्द तरी मी राखला.”

“तेवढाच राखायला नको होता,” काकू मागून म्हणाल्या.

काकांच्या हातातला पेचकस खाली पडला. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. बाईंनी थांबायचं ठरवलं असावं.

काकू हत्यारांची पिशवी ओलांडून पुढे आल्या. “मला पहिल्या सोमवारपासून माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “वास लपतो का? रोज वाटायचं, आज मागतील. माझ्यासमोर उभे राहून म्हणतील, मला राहवत नाही, दे. मग मी भांडले असते, रडले असते, तुमच्याजवळ बसून राहिले असते. काहीतरी केलं असतं. तुम्ही मागितलीच नाहीत. मी घरात आहे की नाही याचा काही संबंधच ठेवला नाहीत. नुसती नवी चावी आणून द्यायचात.”

टायपिंगच्या क्लासमधली टकटक थांबली होती. काकांनी दाराकडे पाहिलं. मग ते स्टुलावर बसल्या बसल्याच काकूंकडे वळले. मध्ये काही नव्हतं. काकू दमलेल्या दिसत होत्या, नाकावर नव्या स्क्रूचा चष्मा होता, आणि त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. काकांना तिथून उठून जिन्यावरून पळून जावंसं वाटलं.

“मला राहवत नाही,” ते म्हणाले. “बावीस दिवस झाले, घेतली नाही. पण रोज राहवत नाही. मला एकट्याला जमायचं नाही.”

काकूंनी तोंडावर हात धरला. मग त्यांनी तो काढला, चष्मा पुसला आणि दारावर टकटक केली.

“आत आणखी एक खुर्ची आहे का हो?” त्यांनी विचारलं.

बाईंनी दार उघडलं. खुर्ची होती. काका आपलं स्टूल उचलून आत निघाले, तेव्हा काकू त्यांना म्हणाल्या की ताईकडे मी जाणार आहेच, उद्याची गाडी आहे, तिकीट काढलंय. काकांनी मान हलवली.

“गुरुवारी चारला असतं ना?” काकूंनी बाईंना विचारलं. “तिथून सकाळची एक गाडी आहे. मी येत जाईन.”